शेणाच्या गॅसवरची पंगत

उंब्रजच्या हवालदारांकडे मुलगी बघायला पाहुणे आले, त्या पंगतीत मी तोंड फक्त जेवायला उघडायला हवे होते. मी ते बोलायला उघडले. समोर चार माणसे मांडी घालून बसलेली दिसली की ज्याला व्याख्यान सुचते, असा एखादा तुमच्याही घरात असेल. आमच्या घरात तो मी.

थोडा दोष नोकरीचाही. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली होती. गोबर गॅस बसवा, असे गावोगाव सांगत हिंडणे हे माझे काम. लोक मान डोलवत, चहा पाजत, आणि तो चहा चुलीवरचाच असे. खरोखर गॅस बसवणारे पहिले हवालदार.

त्यांचा जन्म फौजेच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला. कुठलेही यंत्र कुरकुरले, की ते आपल्यापुढे तळहात धरून आपल्याला गप्प करत आणि यंत्राला कान लावत. "आदी तिचं ऐकू या, सायेब." एकदा त्यांनी ट्रकच्या ट्यूबमध्ये गॅस भरून ती मोटारसायकलला बांधली. मळ्यापर्यंत गाडी गेली, येताना त्यांनी ढकलत आणली. मी हसलो, तर म्हणाले, "जाताना पेट्रोल लागलं न्हाई, येताना बी न्हाई."

गॅस बसवला होता तो मात्र बायकोसाठी, आमच्या वहिनींसाठी. धुराने त्यांचे डोळे कायम लाल, पापण्या सुजलेल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावले होते, चुलीपासून दूर राहा, नाहीतर नजर जाईल. घरी जनावरे दोनच. तेवढ्या शेणात एका वेळचा स्वयंपाक जेमतेम होई. तेव्हा हवालदारांनी मागच्या अंगाचा संडास नळी घालून गॅसच्या टाकीला जोडला, आणि दोन्ही वेळचे कसेबसे भागू लागले. हे कळल्यावर गल्लीने त्यांच्याकडचा चहा सोडला. वहिनींनी चूल सोडली.

तर ते पाहुणे. म्हसवडकडचे, चांगल्या घरचे. मुलगी पसंत पडलेली. जेवता जेवता मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "ह्यो ग्यास निस्त्या श्यानाचाच म्हना की?"

नुसते 'हो' पुरले असते. मी म्हणालो, "शेण तर आहेच, शिवाय..." आणि ताटातल्या आमटीत बोटाने नळीचा नकाशा काढून दाखवला.

घास हातातच राहिले. चौघांनाही एकदम उपास आठवला. वडिलांनी हवालदारांकडे पाहिले. "खरं हाय का, पाव्हणं?"

खोटे बोलायला वाट मोकळी होती. त्यांनी मला वेडा ठरवले असते, तरी मी मान डोलवली असती.

"खरं हाय," हवालदार म्हणाले.

पाहुणे हात धुऊन निघून गेले. आतून भाकरी करपल्याचा वास आला. हवालदार माझ्या शेजारी बसले. "तुमी तरी जेवा, सायेब. तुमाला ठावंच हुतं."

पुढच्या रविवारी मी माफी मागायला गेलो, तर ते खोरे घेऊन नळीवरची माती उकरत होते. मी म्हणालो, "थांबा. मी म्हसवडला जाऊन पाहुण्यांना नीट समजावतो."

"नगं. एकदा समजावलंय तुमी."

तेवढ्यात वहिनी आल्या आणि त्या चरातच उभ्या राहिल्या. "पोरीचं जुळाय पायजे, ते मला बी कळतंय. पर नळी काडली की सांजची भाकरी चुलीवर. मग लगीन कुणाचं लागतंय, ते बी मला दिसायचं न्हाई."

मी काहीतरी बोलणार होतो. हवालदारांचा तळहात माझ्यापुढे आला. "आदी तिचं ऐकू या, सायेब." मग त्यांनी खोऱ्यानेच माती परत ओढली.

महिन्याभराने मुलाची आई एकटीच एस.टी.ने आली. हे मला हवालदारांनी नंतर सांगितले. माझ्यासमोर घडायचे असते, तर बहुधा घडलेच नसते. बाई थेट स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीपुढे बसून राहिली. सवयीने पदराने डोळे पुसले, पण पुसायला काही नव्हते. मग वहिनींना म्हणाली, "च्या टाका." तो प्याली. बाहेर येऊन हवालदारांना म्हणाली, "नळीचं आमची मानसं ऐकायची न्हाईत. पर आमच्यात जनावरं धा हायत. निस्त्या श्यानाचा ग्यास बशिवता का? बशिवत असाल तर तारीख काडा."

लग्नाआधी वीस दिवस हवालदार म्हसवडला राहून खड्डा खणत होते. व्याह्यांच्या दारात नवरीच्या आधी लोखंडी टाकी पोचली.

चार वर्षांनी हवालदार अचानक गेले. मी आणि बायको भेटायला गेलो. दुखवट्याच्या घरात काही शिजत नव्हते. गल्लीतून डबे येत होते, चहा सोडलेल्या घरांतूनही. मी मागच्या अंगाला गेलो. तीन दिवस शेगडी पेटली नव्हती, म्हणून टाकी पार वर तरंगून आली होती आणि तिच्या कडेने शेणकाल्यात बुडबुडे फुटत होते. मी बराच वेळ वाकून ऐकत उभा राहिलो.

परत येताना एस.टी.त बायको म्हणाली, "उद्याचा डबा आपला. तुम्हीही चला. फक्त तिथे कुणाला काही समजावून सांगू नका."