नंतर आखलेला रकाना

मध्यंतरी एकाच आठवड्यात दोन माणसं माझ्याकडे येऊन गेली. पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही यावर गावात सभा व्हायच्या होत्या. पहिला म्हणाला, ‘‘सर, राष्ट्रीय एकतेसाठी हिंदी किती गरजेची आहे, ते तुमच्याइतकं कोण सांगणार? तीस वर्षं शिकवलंत.’’ दोन दिवसांनी दुसरा आला. तो म्हणाला, ‘‘सर, लेकरांवर हिंदी लादू नये हे तुम्हीच सांगा. हिंदीचाच मास्तर म्हणतोय म्हटल्यावर वजन येतंय.’’ दोघांनीही चहा घेतला. दोघांनाही मी डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. ऑपरेशन खरंच होतं, पण ते कारण नव्हतं. या विषयावर बोलायचा मला अधिकार उरलेला नाही, आणि का उरलेला नाही हे परवापर्यंत मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

माझं मूळ गाव देवणीकडचं. वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले. बाजारात हैदराबादचे व्यापारी आले की वडील त्यांच्याशी आपल्या दख्खनी उर्दूत घडाघडा बोलत. ‘‘क्या मियाँ, कैसा चल रा?’’ म्हणत हसत, हात धरून भाव ठरवत. मला त्याची लाज वाटायची. मी शाळेत हिंदी शिकलो, एकेक परीक्षा बाहेरून दिली आणि त्या परीक्षांच्या जोरावर अहमदपूरच्या एका हायस्कुलात हिंदीचा शिक्षक झालो. घरी मराठी, वर्गात मराठी, पुस्तकातलं हिंदी वाचून दाखवायचं आणि त्याचा अर्थ पुन्हा मराठीत सांगायचा. परीक्षेत निबंध पाठ करून लिहिले, शिक्षक झाल्यावर तेच निबंध मुलांना पाठ करायला दिले. हिंदीत कुणाशी गप्पा मारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि येऊ नये याची मी काळजी घेत असे.

हिंदी दिवसाला आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा असायची. विषय बहुतेक एकच, राष्ट्रीय एकतेत हिंदीचं स्थान. भाषण मीच लिहून द्यायचो. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत, फुलांची माळ, त्यातला दोरा, असं सगळं त्यात होतं. पंधरा मुलं ओळीनं येऊन तीच माळ ओवून जायची. ज्याला माळ तुटू न देता शेवटापर्यंत नेता आली, त्याचा नंबर.

त्या वर्षी मात्र स्पर्धेला महत्त्व आलं होतं. राष्ट्रीय एकात्मता शिबिरासाठी जिल्ह्याजिल्ह्यातून मुलं जाणार होती, आमच्या शाळेतून एकाला पाठवायचं होतं. आठ दिवस परराज्यात, वर प्रमाणपत्र. असं प्रमाणपत्र पुढे डी.एड.च्या प्रवेशाला उपयोगी पडतं अशी तेव्हा सगळ्यांची समजूत होती. स्पर्धकांत माझा मुलगा होता. त्याच्या वर्गातली एक मुलगीही होती. तिचे वडील नांदेड रस्त्यावर ट्रकच्या टायरांचे पंक्चर काढायचे आणि आई तिथंच चहाचं भांडं चढवायची. शाळा सुटली की मुलगी दुकानावर. तिला मास्तरीण व्हायचं होतं. वर्गात कुणी विचारायच्या आधीच ती ते सांगून मोकळी व्हायची.

परीक्षक तिघं होते. मुख्याध्यापक, मी आणि बँकेच्या शाखेत नुकतेच बदलून आलेले उत्तरेकडचे एक साहेब. साहेब जीपमधून उतरले तेव्हा फाटकावर स्वागताला मी. ‘‘आइए महोदय, आपका हार्दिक स्वागत है,’’ असं मी पाठ केलेलं म्हणालो. साहेब हसून भराभर काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. मी मान डोलावली. ते पुन्हा बोलले, मी पुन्हा मान डोलावली. साहेब वाट बघत उभे. माझ्यामागं स्वागताची फुलं घेऊन उभी असलेली ती मुलगी म्हणाली, ‘‘सर, साहेब इचारायलेत, जीप सावलीला कुठं लावू म्हणून.’’ आणि मी काही बोलायच्या आत साहेबांना म्हणाली, ‘‘वो लिंब के नीचे लगा दो साब, उधर छाँव रहती दिनभर.’’

रांगेतली पोरं फिस्सकन हसली. मागून कुणीतरी म्हणालंही, ‘‘सरांचं हिंदी पुस्तकातच राहिलं बे.’’

स्पर्धेत माझ्या मुलानं माळ न तुटता शेवटपर्यंत नेली. ती मुलगी उठली, माझं भाषण दोन ओळी म्हणाली आणि थांबली. मग तिनं कागद मिटला आणि बोलायला लागली. पंजाबचा एक ट्रकवाला, त्याची गाडी त्यांच्या दुकानासमोर बंद पडली. सामान हैदराबादहून यायचं, म्हणून तो चार दिवस तिथंच राहिला. तिच्या आईनं त्याला ज्वारीची भाकरी दिली, तर ती कशी मोडायची ते त्याला कळेना. आईला हिंदी येत नाही, त्याला मराठी येत नाही, पण दोघं दिवसभर बोलायचे. जाताना त्यानं आपला पत्ता लिहून दिला, त्याच्या लिपीत. ‘‘हमारे घर में वो किसी कू पढ़ना नई आता,’’ ती म्हणाली. ‘‘देश क्या होता मेरे कू भी पूरा नई मालूम. पन वो कागज आई ने अभी तक फेंका नई.’’ आणि खाली बसली.

सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या त्या माळेला तीस वर्षांत तशा टाळ्या कधी मिळाल्या नाहीत. मला मात्र तिच्या बोलण्यात माझे वडील ऐकू येत होते.

आमच्या शाळेत गुण आधी पेन्सिलनं द्यायची पद्धत होती. परीक्षकांचे पेन्सिलचे कागद संबंधित विषयाच्या शिक्षकाकडे यायचे, तो बेरीज करून शाईनं पक्का तक्ता करायचा, मुख्याध्यापक सही करायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर निकाल. पेन्सिलचे कागद मग फाडून टाकायचे. या पद्धतीवर कधी कुणी शंका घेतली नव्हती, कारण गावातल्या गावात शिक्षकावर विश्वास ठेवायचा असतो.

साहेब जाताना मला म्हणाले, ‘‘मास्टर साहब, उस बच्ची को ज़रूर भेजिएगा.’’ त्यांचं तेवढं एक वाक्य मात्र मला पूर्ण कळलं.

घरी येऊन मी तीन कागद समोर ठेवले. साहेबांनी तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस दिले होते, माझ्या मुलाला एकोणतीस. मी तिला हात आखडून गुण दिले होते, तरी ती पहिली येत होती. मी पक्क्या तक्त्यावर पट्टी ठेवली आणि एक रकाना जास्त आखला. वर लिहिलं, भाषाशुद्धता, गुण पंचवीस. मुलाला बावीस, तिला चार. हा रकाना स्पर्धेच्या आधी नव्हता. कुणालाच सांगितलेला नव्हता. मुख्याध्यापकांनी तक्ता पाहिलाही नाही. ‘‘तुमचा विषय, तुम्ही बघितलंय ना?’’ म्हणाले आणि सही केली.

निकालानंतर ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. ‘‘सर, माझं कुठं चुकलं?’’ तिनं विचारलं. एखादी जागा दाखवावी म्हटलं तर मला दाखवता येत नव्हती. मी म्हणालो, ‘‘सगळंच. त्याला हिंदी म्हणत नाहीत.’’ शाळेच्या वार्षिक अहवालात मी लिहिलं की एक स्पर्धक भाषण विसरल्यामुळे मागे पडली. ते अजून तिथं छापलेलं आहे.

मुलगा शिबिराहून आला तो चेहरा उतरलेला. म्हणाला, ‘‘बाबा, आठ दिवस मी बोललो की सगळे गप्प व्हायचे. एक जण म्हणाला, भाषण मत कर यार, बात कर.’’ प्रमाणपत्र माळ्यावर गेलं. मुलगा पुढे दुसऱ्याच कामाला लागला, त्याला त्याचा कधी उपयोग झाला नाही. मुलगी दहावी झाली आणि हिमायतनगरकडे तिचं लग्न झालं, एवढं कानावर आलं. पेन्सिलचे कागद मी फाडले नाहीत, पक्का तक्ताही माझ्याकडेच ठेवून घेतला. का ठेवले ते सांगता येणार नाही. कपाटात खाली ठेवले होते आणि त्यांच्यावर दरवर्षी काहीतरी ठेवत गेलो.

एवढ्यातच, ऑपरेशननंतर डोळ्याच्या तपासणीला नांदेडला गेलो होतो. दुपारी स्टेशनजवळच्या एका खानावळीत जेवायला बसलो. गुरुद्वाऱ्याला आलेली पंजाबी मंडळी एका टेबलावर, दुसऱ्यावर तेलंगणातले दोघं. गल्ल्यामागची पन्नाशीची बाई सगळ्यांशी बोलत होती. ‘‘पाजी, चावल और लाऊँ?’’ ‘‘अन्ना, तीखा कम कर दी मैं, खाओ बिनधास्त.’’ माझ्यापाशी आली आणि थबकली.

‘‘सर? अहमदपूरचे सर ना तुम्ही? मी वो, पंक्चरवाल्याची.’’

पाया पडली. मला पाय मागे घ्यायलाही सुचलं नाही. तिनं जेवण वाढलं, समोर बसली, सगळं विचारलं. मुलाचंही विचारलं. मग हसत म्हणाली, ‘‘आमच्या बचत गटाला दिल्लीला जायचंय सर, प्रदर्शनाला. स्टेजवर एकीनं पाच मिनिटं हिंदीत बोलायचंय. बायका माझ्यामागं लागल्यात. मी म्हणलं, न्हाई बाबा. माझं हिंदी कच्चं हाय, आमच्या सरांनाच इचारा. दुसरी एक चाललीय, ती लिहून पाठ करून राहिलीय.’’

‘‘तू तर दिवसभर हिंदीच बोलतेस,’’ मी म्हणालो.

‘‘हे कुठलं हिंदी सर? हे पोटापाण्याचं.’’

मी भाकरी मोडत राहिलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जेवलो, बसमध्ये बसलो आणि अहमदपूरपर्यंत एकाच गोष्टीचा विचार करत आलो. तो विचार असा. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की पोराच्या मायेनं माझा पाय घसरला. मायेला लोक क्षमा करतात. पण ते खरं नव्हतं. पोरगा दुसरा आला असता तरी मला चाललं असतं. मला चाललं नव्हतं ते फाटकावरचं हसू.

आठवड्यानं डोळा दाखवायला पुन्हा जायचं होतं. कागद पिशवीत घातले. गर्दी ओसरल्यावर तिच्यापुढे ठेवले. तिनं पदराला हात पुसले आणि तक्ता उचलला. वाचायला वेळ लागला.

‘‘हा रकाना कशाचा?’’

‘‘भाषाशुद्धतेचा.’’

‘‘तवा होता हा?’’

‘‘नव्हता. मी नंतर आखला.’’

‘‘पोरासाठी?’’

‘‘तसंच म्हणत आलो. पण साहेबांचं बोलणं माझ्याआधी तुला कळलं, म्हणून आखला.’’

 साहेबांचा पेन्सिलचा कागद तिनं उजेडाकडे धरला. अक्षरं पुसट झाली आहेत, पण सत्तेचाळीस दिसतात. पलीकडून कुणीतरी डाळ मागितली, ‘‘आ रई भैया’’ म्हणत ती उठली, वाढून आली आणि परत बसली.

‘‘सगळंच चुकलं म्हणला होतात.’’

‘‘हो.’’

‘‘आई मरेस्तोवर म्हणायची, पोरीनं दोन दिवस अजून घोकलं असतं तर. शिबिराला जायचं म्हणून तिनं चादर घेतली होती नवी. तुम्हाला माफ केलं म्हणू का मी आता? त्यासाठी आलात?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. पण त्यासाठीच गेलो होतो, हे तिला दिसलं असणार.

‘‘मला एकटीला सांगून काय उपयोग, सर? अहवालात छापलं होतंत ना? आता हे बी लिहून द्या. मी गटातल्या बायकांना वाचून दाखवते, माझ्या पोरीला दाखवते.’’

‘‘देतो.’’

‘‘मराठीत लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचं हिंदी कुणाला कळत न्हाई.’’

हे म्हणताना ती हसली नाही. मी उठलो. दारातून विचारलं, ‘‘दिल्लीला मग कोण बोलणार?’’

‘‘आधी लिहून आणा. मग बघू.’’

म्हणून हे लिहिलं आहे. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून सांगितलंय, पण बायकांची दिल्लीची गाडी त्याआधी आहे. सभावाल्या दोघांना पुन्हा येऊ नका असा निरोप दिला. हिंदी देशाला जोडते का, हे मला विचारू नये. ज्या एका ठिकाणी ती जोडत होती, तिथं मी पट्टी ठेवून रेघ मारली, एवढंच मला माहीत आहे. शाळेकडेही याची एक प्रत दिली आहे, अहवालाच्या त्या पानाला जोडून ठेवावी अशी विनंती करून. उद्या सकाळच्या बसनं नांदेडला जाणार आहे.