ताईच्या हातचं सूप

नवऱ्याशी पटेना म्हणून ताई माहेरी परत आली आणि त्याच सुमारास आईनं अंथरूण धरलं. अन्न जाईना. ताईनं टोमॅटोचं सूप करून दिलं. आईनं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि जाहीर केलं, "आता रोज हेच. पण ताईच्या हातचंच!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई पुढे बरी झाली, वर्षं लोटली, सूप मात्र सुटलं नाही.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ताई कापड कापायची. तिच्या कात्रीसारखी सरळ कात्री तिथं कुणाची चालत नसे. पण सुट्टीची वेळ जवळ आली, की तिला घरचं सूप डोळ्यांपुढे दिसायचं. घरी जाऊन पिकलेले टोमॅटो निवडायचे, बुडाशी फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात सोडायचे, साल काढायची, कांदा-लसणाबरोबर लोण्यात शिजवायचे आणि बारीक चाळणीतून गाळायचे. एखादी बी दाताखाली आली, तरी आई वाटी बाजूला सारायची. कुणाकडे राहायला जाणं नाही, गावाला जाणं नाही. बोटांना बसलेला तो आंबटगोड वास साबणानंही जात नसे. ताईला त्याची शिसारी यायची, आणि शिसारी आली म्हणून स्वतःचाच राग यायचा.

अशात कारखान्याचे मालक म्हणाले, "दुसऱ्या शहरात नवा कारखाना काढतोय. कटिंगचं सगळं काम तू सांभाळ. राहायला खोली देतो. शुक्रवारपर्यंत सांग."

स्वतःची खोली! तिची किल्ली आपल्या पर्समध्ये! ताईला रस्त्यातच रडू आलं. घरी तिनं हे फक्त भावजयीला सांगितलं.

भावजय मनानं मोकळी. "तुम्ही खुशाल जा हो ताई. सूपच करायचंय ना? मला शिकवा."

ती शिकलीही. रंग तोच, दाटपणा तोच, मिरपूडही तेवढीच. पण तिनं वाटी नेली, की आई एक चमचा घ्यायची आणि मान फिरवायची. "हे ताईच्या हातचं नाही." रोज तेच. शुक्रवारी ताईनं मालकांना नाही म्हणून कळवलं.

आईला फरक कळतो कसा, हे मात्र भावजयीच्या डोक्यातून जाईना. शनिवारी संध्याकाळी ताईनं केलेलं सूप तिनं स्वतः आत नेलं. ताई दाराआड उभी राहिली. आईनं चमचा तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "छे! हे ताईच्या हातचं नाही."

ताई पुढे झाली. "आई, हे मीच केलंय."

चोरी पकडली गेल्यासारखा आईनं चमचा खाली ठेवला. भावजय बाहेर गेली.

"मला चवीतलं काय डोंबल कळतंय!" आई म्हणाली. "टोमॅटो मला जन्मात आवडला नाही."

"मग इतकी वर्षं?"

"तू आलीस तेव्हा तुझा भाऊ विचारत होता, ही किती दिवस राहणार म्हणून. म्हटलं, माझं तुझ्यावाचून अडतंय असं दिसलं, तर तुला जा म्हणायची कुणाची छाती होणार नाही."

"अगं, मला जायचंच होतं! मालक नव्या कारखान्यात बोलावत होते. तुझ्या सूपापायी मी नाही म्हटलं."

आईचा चेहरा उतरला. "मग मला सांगायचं तरी!"

"तू सांगितलंस?"

आईनं तिचा हात घट्ट धरला आणि लगेच सोडला. "जा. आत्ता फोन कर. म्हणावं, येते."

ताईनं बाहेर जाऊन फोन लावला. मालक हळहळले. "अगं, काल नाही म्हणालीस ना? आज सकाळीच दुसरीचं पक्कं केलं."

ती परत आली. तिचा चेहरा पाहूनच आईला कळलं. सूप निवून वर पापुद्रा धरला होता.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. भाऊ कामावरून आला होता. रोजच्यासारखंच त्यानं बाहेरूनच विचारलं, "ताई, आईनं सूप घेतलं का गं?"

आईनं वाटी पुढे ओढली.

"घेतेय रे!" ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ताईच्या हातचं आहे, मग घेणार नाही तर काय!"

आणि डोळे मिटून तिनं चमचा तोंडात घातला.