पार्सलमधली लढाई

कवळीवाल्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे दात केले, पण त्याचे स्वतःचे दात फारसे कुणी पाहिले नाहीत. हसायचाच नाही. जिन्याखालची त्याची खोली. आत शिरलं की आधी मेणाचा वास, मग चपलेखाली प्लास्टरची कचकच, आणि डोळे सरावले की फळीवर ओळीने मांडलेले जबडे. नवखं माणूस दचकायचंच.

"बसा," तो मान वर न करता म्हणायचा. "चावत नाहीत. अजून कच्चे आहेत."

हाताला मात्र गुण होता. म्हाताऱ्या बाईची कवळी करायची तर तिचा तरुणपणीचा फोटो मागून घ्यायचा. तेव्हा पुढचा एक दात जरा तिरका असेल, तर कवळीतही तो तिरका बसवायचा. सरळ दात कुणीही लावेल, घरच्यांना ओळख पटली पाहिजे, हे त्याचं म्हणणं.

त्याच्या धंद्यात अर्धं काम म्हणजे थांबणं. प्लास्टर घट्ट व्हायला थांबा, मेण निवायला थांबा, कवळी गरम पाण्यात शिजायला थांबा. या थांबण्यात त्याला डबी सापडली. डबी म्हणजे हातात धरून खेळायचा गेम, पुस्तकासारखा मिटणारा, कडा घासून पांढऱ्या पडलेला. लेक शाळेत असताना तिच्यासाठी त्याने जुन्या बाजारातून आणलेला. आत लढाईचा खेळ. चौकटींचं मैदान, मधून नदी, नदीवर पूल, दोन टोकांना दोन किल्ले. आपले पायदळ, घोडेस्वार, तिरंदाज एकेक करून हलवायचे आणि 'संपलं' दाबायचं. मग समोरच्याची खेळी. त्याने 'संपलं' म्हणेपर्यंत आपण गप्प बसायचं.

गल्लीतली पोरं फोनवर बोटं नाचवत त्याला चिडवायची. "काका, हे कसलं बैलगाडीचं युद्ध?"

"तुमचा खेळ तुम्हाला नाचवतो," तो म्हणायचा. "माझा माझ्यापुढे हात बांधून उभा राहतो. मी प्लास्टर कालवून आलो, जेवून आलो, एक झोप काढून आलो, तरी शत्रू तलवार उगारून तिथंच. अजून वार केलेला नाही बिचाऱ्याने."

खरं तर त्या खेळाची चटक याहून खोल होती. सैनिक ते मोजकेच, मैदान तळहाताएवढं, तरी जुनं व्हायचं नाव नाही. याचं कारण तो खेळ डबीत थोडा आणि डोक्यात जास्त चालायचा. डबी मिटून खिशात असायची, हातात कानस असायची, दाढ घासली जात असायची, आणि कवळीवाला मनातल्या मनात घोडेस्वार पुलाआड दडवत असायचा. पुलावर पाय ठेवला तर काय होईल, नाही ठेवला तर काय. घाई नाही, त्यामुळे हरलो तर दोष द्यायला कुणी नाही. हे त्याला आवडायचं. आयुष्यात असं कुठं मिळतं?

लेकीला त्याने हे दोन्ही शिकवलं, दात आणि लढाई. शाळा सुटली की ती खोलीत यायची. एकीकडे मेणात दात रचायची, दुसरीकडे डबी या हातातून त्या हातात फिरायची. बापलेकीचा एक कायदा होता. समोरच्याच्या नजरचुकीचा फायदा घ्यायचा नाही. लेकीने चुकून किल्ला रिकामा सोडला, तर बाप आत घुसायचा नाही. आपला घोडेस्वार एक चौकट मागे घ्यायचा. मागे घेतला म्हणजे, बाई, पुन्हा बघ. ती जीभ चावायची, तिरंदाज परत जागेवर आणायची आणि ओरडायची, "बाबा, तू फार भाव खातोस हं!"

पोरगी मोठी झाली. हात बापाच्या वरताण झाला. खोली आता तिचीच, हे त्याने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. तिलाही विचारलं नव्हतं. आणि एक दिवस तिने सांगितलं की शेजारच्या शहरातल्या दातांच्या मोठ्या दवाखान्यात तिला नोकरी लागली आहे. तिथे दात कोरणारं यंत्र आहे, ते ती चालवणार.

"यंत्र?" कवळीवाल्याने मेणाची सुरी खाली ठेवली. "ज्याला तोंड नाही ते दुसऱ्याचे दात करणार?"

"बाबा, एकदा येऊन बघ तरी."

"माझं काय काम तिथं? झाडू मारायला ठेवतील का?"

"बघायला ये म्हणतेय. ठेवून घ्यायला नाही."

"माझ्या हाताखाली शिकलीस ते बटण दाबायला, असंच ना?"

तिने बॅग भरली. गेली. पुढे तिकडेच एका चांगल्या मुलाशी लग्न झालं. लग्नात कवळीवाला पाहुण्यासारखा वावरला आणि पाहुण्यासारखाच निघून आला.

पण धंद्याने तार जोडलेली ठेवली. त्या दवाखान्यात पूर्ण कवळी अजून कवळीवाल्याकडूनच करून घेत. तिकडून साचा यायचा, इकडून मेणात रचलेले दात जायचे, तोंडात बसवून बघितले की परत यायचे, मग शिजवून, घासून पक्की कवळी जायची. सगळं बसच्या ड्रायव्हरबरोबर, पुठ्ठ्याच्या खोक्यात. तिकडे पार्सलं लेकच बघायची. एकदा खोकं उघडलं तर साच्याशेजारी कापसात गुंडाळलेली डबी. लेक जाताना ती घेऊन गेली होती. आत नवी लढाई मांडलेली, तिची पहिली खेळी झालेली.

कवळीवाला इतका खूश झाला की बायको बघायला आली. "काय झालं? कुणाचा जबडा हसला?"

तेव्हापासून प्रत्येक पार्सलात दातांबरोबर डबी. एका खेपेला एक खेळी. चिठ्ठी नाही, फोन नाही. बायको दर आठवड्याला लेकीशी फोनवर बोलायची आणि शेवटी विचारायची, "अहो, देऊ का तुमच्याकडे?"

"कशाला? आमचा खेळ चालू आहे ना."

हे तो मनापासून म्हणायचा. त्याच्या हिशेबी बापलेकीचं उत्तम चाललं होतं. डबी आली की तिचा घोडेस्वार कुठे आहे यावरून तो तिची तब्येत सांगायचा. "आज दमलेली दिसते. पायदळ नुसतंच पुढं ढकललंय."

आणि मग ती खेप आली. त्याने डबी उघडली आणि भुवया चढवल्या. लेकीने किल्ला सताड उघडा सोडला होता. एकही शिपाई आत नाही. सगळी फौज बाहेर काढून पुलापासून दरवाजापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी केलेली. त्याचा घोडेस्वार पुलावरच होता. सरळ चालत गेला तर आत.

बायको चहा घेऊन आली होती, तिने खांद्यावरून डोकावलं. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"हे काय, कुणाच्या स्वागताला उभे राहिलेत वाटतं?"

"तुला काय कळतंय? चुकलीये ती. कामाच्या गडबडीत असेल."

"चुकून अशा रांगा लागतात होय?"

"अगं, लढाई आहे ही. लग्नाचा मांडव नाही."

बायकोने कप जरा जोरातच ठेवला. तिला काही सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं. जावयाची बदली झाली होती, फार लांब, समुद्रापलीकडे. लेकीने आईकडून वचन घेतलं होतं. 'त्याला तू सांगितलंस तर तो तुझी कटकट नको म्हणून येईल. मला तसा नकोय.'

कवळीवाल्याने बराच वेळ डबीकडे बघितलं. मग कायद्याप्रमाणे घोडेस्वार एक चौकट मागे घेतला आणि 'संपलं' दाबलं.

त्याला कळलं नव्हतं असं नाही. पुढे त्याने स्वतःच हे कबूल केलं, बायकोपाशी. दोन रांगा आपल्यासाठीच आहेत, हे बघताक्षणी उमगलं होतं. पण कळलं म्हणावं, तर बस पकडावी लागली असती, त्या दवाखान्याचा जिना चढावा लागला असता, 'दाखव तुझं यंत्र' म्हणावं लागलं असतं. चूक म्हणणं सोपं होतं. चूक म्हटलं की आपण मोठ्या मनाचे ठरतो, वर जागचं हलावं लागत नाही.

पुढच्या पार्सलात डबी आली. रांगा तशाच, किल्ला तसाच उघडा. तिने एकही शिपाई हलवला नव्हता, नुसतं 'संपलं' दाबलं होतं.

त्याने घोडेस्वार आणखी एक चौकट मागे घेतला.

त्यानंतर मात्र ती खेळली. अशी खेळली की त्याने तिला कधी तसं खेळताना पाहिलं नव्हतं. तिरंदाज तटावर चढले, घोडेस्वार नदीला वळसा घालून आले. प्रत्येक खेपेला त्याचा कुणी ना कुणी पडायचा. आधी त्याला मौज वाटली. "भाव खात होतो ना, आता बघ कशी ठोकतेय!" मग हळूहळू मौज ओसरली. त्या खेळण्यात कुठे थट्टा नव्हती. एका खेपेला डबी उघडली तेव्हा त्याचा किल्ला पडला होता, आणि मैदानावर फक्त तिचे शिपाई उभे होते.

त्याने नवी लढाई मांडली, पहिली खेळी केली, डबीला रबरबँड लावून ती खोक्यात ठेवली. परत आली तेव्हा रबरबँडसुद्धा त्यानेच लावलेला होता. कुणी उघडलीच नव्हती. पार्सलावरचं अक्षरही वेगळं होतं.

"अहो, ती गेली," बायको म्हणाली. आता वचनाला काही अर्थ उरला नव्हता. "सामान बांधून गेली. जायच्या आधी तुम्ही एकदा याल, तिचं काम बघाल, एवढंच हवं होतं तिला. फार वाट बघितली तिने."

"मग सांगायचं नाहीस?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. स्वागताला उभे राहिलेत का म्हणून."

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्याने खोलीला कुलूप लावलं. एक कवळी पोचवायची होती, ती ड्रायव्हरकडे न देता मांडीवर घेऊन तो स्वतः बसमध्ये बसला. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना दम लागला. आतल्या खोलीत कपाटाएवढं यंत्र आणि त्यापुढे एक तरुण मुलगी.

"पार्सल का? इथं ठेवा काका."

त्याने ठेवलं, पण तो निघाला नाही. "इथं आधी ज्या बाई होत्या..."

"ताई? त्या परदेशी गेल्या." मुलीने त्याच्या प्लास्टर बसलेल्या नखांकडे पाहिलं आणि उठून उभी राहिली. "तुम्ही ताईंचे बाबा? अहो, बसा ना! मावशी, चहा सांगा. ताईंचे बाबा आलेत!"

दवाखान्यात झाडलोट करणारी मावशी दारातून डोकावली. "आले का एकदाचे? पोरगी रोज खुर्ची पुसून ठेवायची. आम्ही म्हणायचो, बाबा आहेत का मंत्री आहेत."

कवळीवाला त्या खुर्चीवर टेकला. मुलीने यंत्र चालू केलं. काचेआड एका पांढऱ्या ठोकळ्यातून बारीक सुई दात कोरू लागली. तो पुढे झुकून बघत राहिला. दात निघाला तो मुलीने बाहेर घेतला, आणि मग टेबलाच्या कोपऱ्यात गेली. तिथे छोटा दिवा होता, मेण होतं, सुरी होती, कानस होती. तिने पेशंटचा जुना फोटो समोर ठेवला आणि दाताची कड हाताने घासायला घेतली.

"हे कशाला?" कवळीवाल्याने विचारलं.

"ताईंनी लावलेली शिस्त आहे. यंत्राचा दात फार सरळ येतो. घरच्यांना ओळख पटली पाहिजे म्हणायच्या."

कवळीवाल्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला. मुलीला वाटलं, चहा आवडला नसेल.

मावशीने आपल्या फोनवरून लेकीला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज होता.

"मी बोलतोय. तुझ्या दवाखान्यात आहे."

पलीकडचा आवाज थांबला. "कशाला?"

"बघायला आलो. यंत्र बघितलं. चांगलं कोरतं. आणि तू पोरीला शिकवलंस तेही..." पुढचं वाक्य त्याला जमेना. "चांगलं शिकवलंयस."

तिने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं झालं गेलास." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं. "मी असते तर कसं चालतं ते नीट समजावून दाखवलं असतं. तिला अजून तेवढं येत नाही."

"हो."

"जेवलास का?"

"जेवेन."

"परतीची बस लवकर सुटते तिथून. उशीर करू नकोस."

तिने फोन ठेवला. मुलगी दुसरा ठोकळा यंत्रात बसवत होती. हा दात निघेपर्यंत बसू का, असं कवळीवाल्याने तिला विचारलं, आणि ती हो म्हणायच्या आतच त्याने खुर्ची काचेजवळ सरकवली.