साहेबांना दिलेलं पाणी

बद्रुन्निसा अलाउद्दीन मुलाणी. स्त्री, विधवा, वय अंदाजे पन्नास. राहणार भरे, तालुका मुळशी. मालमत्ता : विहीर एक, म्हशी दोन. कारखान्यापासून अंतर : सातशे मीटर. प्रकल्पाचा परिणाम : पाहणीअंती ठरेल.

ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आल्याला चार वर्षं झाली होती. दुसऱ्या वर्षी बद्रुन्निसाच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं, तिसऱ्या वर्षी म्हशींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. तेव्हापासून ती दोन हंडे घेऊन टेकडीपलीकडच्या झऱ्यावर जायची. गुडघे बोलायचे, ती उत्तर देत नसे.

१९८४ साली कारखान्याला वाढीसाठी कर्ज हवं होतं. आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघूनच कर्ज द्या, असं बँकेला वरून कळलं होतं. त्यासाठी फॉर्मला एक पान वाढलं होतं. त्यात पाणी खराब निघालं, तर कारखान्यानं आधी सांडपाणी शुद्ध करायची टाकी बांधायची, मगच पैसे.

"भाभी, न लाजता बोला," शेजारचा गेणबा म्हणाला. "विहिरीचा निकाल लागल."

बँकेचे साहेब भर दुपारी पाहणीला आले, बाजेवर टेकले. तिनं गुळाचा खडा आणि तांब्या पुढं केला. साहेबांनी तांब्या रिकामा केला आणि फॉर्मवर, खाली दोन कार्बन घालून, लिहिलं : 'चाखलेल्या पाण्याची चव – गोड.'

"अवो साहेब, ते झऱ्याचं हाय!" गेणबा ओरडला. "भाभी, विहिरीचं का न्हाई दिलं?"

"घरी आल्याला पाव्हणा, दादा. त्याला इख पाजू व्हय?"

गेणबानं कपाळावर हात मारला. बद्रुन्निसा साहेबांकडं वळली. "विहिरीचं दिऊ का वाईच?"

"नको, नको," साहेब घाईनं म्हणाले.

"मंग लिवा की, विहिरीचं पाणी वाईट हाय म्हणून."

"न चाखता कसं लिहू, बाई? रकाना चाखलेल्या पाण्याचा आहे. आणि तीन प्रतींत खाडाखोड चालत नाही." ते थकलेले दिसत होते, सकाळपासूनचं हे पाचवं घर होतं. मग त्यांनी उरलेल्या जागेत लिहिलं, 'शेजारी आतिथ्यशील,' आणि जाताना आणखी एक तांब्या मागितला. तिनं दिला. हंड्यात तेवढंच उरलं होतं.

कर्ज मंजूर झालं. टाकीची अट पडली नाही. मंजुरीपत्राच्या चौथ्या पानावर नोंद आहे : 'पाण्याच्या स्रोतांवर परिणाम – निरंक. बाधित व्यक्ती – निरंक.'

झरा तिच्या घरापासून सव्वा मैल आहे.