दुसऱ्या घंटेनंतर कुलूप

माझा मोठा भाऊ नोकरीत होता तेव्हा कचेरीत वेळेवर पोचल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. धुळ्याला सगळी नोकरी झाली त्याची. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टांगायचा, टेबलावर चष्म्याची रिकामी डबी ठेवायची, म्हणजे भाऊसाहेब इथेच कुठेतरी आहेत असं लोकांना वाटावं, आणि आपण चहाच्या टपरीवर. लोक बिचारे त्या डबीकडे बघत बसायचे. असा हा माणूस निवृत्त होऊन चोपड्याला माझ्या शेजारी राहायला आला, जळगावच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आला, आणि घड्याळ गिळल्यासारखा वागायला लागला. ख्रिस्ती माणसाने वेळेचं कारभारीपण कसं करावं, यावर होतं म्हणे ते शिबिर. सत्तर उंदीर खाऊन मांजर निघाली काशीला, दुसरं काय!

पहाटे उठून देवासोबत शांत वेळ घालवायची, हा पहिला नेम. चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण दादाला शांत वेळेआधी चहा लागतो, आणि तो करायला वहिनी उठते. मग पाणी तापवायला वहिनी, चष्मा शोधून द्यायला वहिनी. दादा डोळे मिटून बसला की वहिनीने भांडी वाजवायची नाहीत. एकदा मी वहिनीला विचारलं, "तुझी शांत वेळ कधी गं?" ती म्हणाली, "ते आंघोळीला गेले की." आणि हसली. मला हसू आलं नाही, राग आला.

मोबाइलमध्येही त्याने गजर लावून ठेवलेले. वचन वाचायचा गजर, चालायला जायचा गजर, दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायचा गजर. शेजारच्या आजीबाई गुडघ्याचं रडगाणं सांगत बसल्या होत्या, तेवढ्यात तो शेवटचा वाजला. दादा ताडकन उठला, "माझी मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ झाली," म्हणाला आणि आत गेला. आजीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "आजी, तुमच्यासाठीच प्रार्थना करायला गेलाय तो. बसा, मी ऐकते."

घरात होतं तोवर ठीक होतं. पण दादा आमच्या मंडळीचा पंच झाला, आणि ही ब्याद चर्चमध्ये शिरली.

आमची मंडळी लहान. थोडे माझ्यासारखे निवृत्त मास्तर, नर्सबाया, आणि निम्म्याहून जास्त केळीच्या बागेत काम करणारे. केळीचं काम घड्याळावर चालत नाही. व्यापाऱ्याचा ट्रक येईल तेव्हा टोळीने बागेत हजर व्हायचं, घड कापायचे, डोक्यावर वाहायचे, ट्रक भरून द्यायचा. ट्रक सकाळी येईल, दुपारी येईल, येणारही नाही. त्यामुळे आमच्याकडे पूर्वीपासून एक रीत होती. पहिल्या घंटेला आम्ही रिकामटेकड्यांनी जमायचं, दुसऱ्या घंटेला मी पेटी उघडायची, आणि टोळीतली माणसं हातपाय धुऊन आत येईपर्यंत गाणी म्हणत बसायचं. कधी दोन गाणी, कधी सात. जुने पाळकसाहेब शांतपणे बसून राहायचे. ती माणसं आली की मगच उपासना. यात देवाचा वेळ वाया जातो असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दादाच्या आलं. पंचांच्या बैठकीत त्याने ठराव केला, की दुसरी घंटा झाली की फाटकाला कुलूप. किल्ली दादाकडे. मी म्हटलं, "दादा, टोळीच्या लोकांचं काय?" तर मला बायबलातला दहा कुमारींचा दाखला सांगायला लागला. पाच मूर्ख होत्या, उशिरा आल्या, दार बंद झालं. मी म्हटलं, "अरे, त्या झोपल्या होत्या! ही माणसं अंधारात उठून घड वाहतात. आणि द्राक्षमळ्याचा दाखला विसरलास का? शेवटच्या तासाला आलेल्यालाही मालकाने दिवसभराची मजुरी दिली." तर म्हणे, "तो विषय वेगळा." ह्याला नको असलेला प्रत्येक विषय वेगळाच असतो. आताचे पाळकसाहेब नवे, पोरगेले, पंचांना घाबरून असणारे. त्यांनी मान डोलावली.

त्याच सुमारास टोळीतल्या एका बाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बाई विधवा. एवढी एकच पोर. मुलगा साक्रीकडचा, सुरतेला कामाला, रजा कशीबशी मिळालेली. लग्न मंगळवारी धरलं होतं, कारण बुधवारपासून उपवासकाळ लागणार आणि मग ईस्टर होईपर्यंत आमच्यात लग्नं लागत नाहीत. तोवर मुलाची रजा संपणार, आणि मुलाची आई आधीच कुरकुरत होती, तिला लग्न मोडायला निमित्तच हवं होतं. बाई माझ्याकडे आली तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "अक्का, मन्ही पोरनं लगीन आठेच व्हवाले जोयजे. तिना बाप आठेच शे." लग्न इथेच हवं, कारण तिचा नवरा इथेच, आमच्या चर्चच्या मागच्या कबरस्थानात आहे. लग्न लागलं की पोरीला आधी त्याच्या कबरीपाशी न्यायचं, एवढीच तिची हौस.

आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार उपासनेत नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. आणि आमच्या चर्चची रीत अशी, की नावं वाचताना मुलीच्या आईने किंवा बापाने उठून उभं राहायचं, म्हणजे सगळ्या मंडळीला दिसावं. दोन रविवार झाले होते. दोन्ही वेळा ती पांढरं पातळ नेसून उभी राहिली होती. तिसरा रविवार राहिला होता, आणि नेमका तोच कुलपाचा पहिला रविवार.

त्या दिवशी ट्रक दुपारी येणार होता. आला पहाटेच. आता टोळीतलं एक माणूस कमी झालं तर बाकीच्यांवर ओझं पडतं, म्हणून ती गेली. अर्धा ट्रक भरला, मुकादमाच्या हातापाया पडून सुटली आणि पळत आली. पातळ बदलायलाही घरी गेली नाही.

मी पेटीवर होते. दुसरी घंटा झाली, दादा फाटकाला कुलूप लावून ऐटीत येऊन पुढच्या बाकावर बसला. पहिलं गाणं झालं, लगेच प्रार्थना, लगेच सूचना. पाळकसाहेबांनी मुलामुलीची नावं वाचली आणि विचारलं, "मुलीकडचं कोण आहे?" कोणी उठलं नाही. आणि तेवढ्यात फाटक वाजायला लागलं.

मी उभी राहिले. "बाहेर आहे ती! दादा, दार उघड!"

दादा मागे न बघता म्हणाला, "उपासना चालू आहे. बसून घ्या." बघा, सख्ख्या बहिणीला 'घ्या'!

"पाळकसाहेब, मी उभी आहे ना मुलीकडून. पुढे चालू द्या."

पाळकसाहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. दादाने नकाराची मान हलवली. "हे पुढच्या रविवारी घेऊ," पाळकसाहेब म्हणाले आणि पुढचं गाणं सांगितलं. पुढच्या रविवारी! बुधवारी उपवासकाळ लागणार हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं थोडंच? मी पेटीचा भाता बंद केला आणि तडक बाहेर गेले. त्यांनी गाणं पेटीशिवाय म्हटलं, आणि बेसूर म्हटलं, बरं झालं.

फाटकाच्या गजांपलीकडे ती उभी. पातळावर केळीच्या चिकाचे काळे डाग, डोक्यावर अजून चुंबळ तशीच. मला बघून धापा टाकत म्हणाली, "बठ्ठं काम टाकीसन उनू मी, अक्का. पोरनं नाव वाचं का?"

मी काय सांगणार? नाव वाचलं गं, पण धरलं नाही? सांगावं लागलं. ती गजाला धरून खाली बसली. रडली नाही. चुंबळ काढून मांडीवर घेतली आणि उलगडत बसली.

उपासना सुटल्यावर मी दादाला सगळ्यांदेखत धरलं. म्हटलं, आज संध्याकाळी सगळ्यांना बोलाव, नावं वाचू दे, अजून वेळ गेलेली नाही. तर म्हणतो, "रविवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवायची असते. शिबिरात शिकवलंय." कुटुंबासाठी! वहिनी स्वयंपाकघरात राबते आणि हा पलंगावर घोरतो, ते कुटुंब! मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाळकसाहेब तोवर मोटारसायकलला किक मारून पसार झाले होते.

लग्न शेवटी मंगळवारीच झालं, पण साक्रीकडे, मुलाच्या गावी. तिथले पाळक म्हातारे आणि शहाणे होते, त्यांनी जास्त चौकशी केली नाही. दारात घातलेला मांडव तसाच सोडून बाईने पोरीला टेम्पोत बसवून नेलं. मुलाच्या आईने तिथल्या मांडवात येईल-जाईल त्याला ऐकवलं, की यांच्या चर्चनेच यांना दारात उभं केलं नाही. पोर तिथूनच सुरतेला गेली. बापाच्या कबरीपाशी काही तिला येता आलं नाही.

त्यानंतर बाई आमच्याकडे आली नाही. तिच्यामागून टोळीतली बाकीची माणसंही यायची थांबली. आता ट्रक भरून झाला की ती सगळी तिच्याच अंगणात बसून भक्ती करतात. आमची उपासना हल्ली वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते, आणि दादा फाटकापाशी उभा राहून हात मिळवतो. अधूनमधून संदेश, म्हणजे प्रवचनही, तोच देतो.

परवा बाजारात ती दिसली. मी म्हटलं, "येत जा गं चर्चला. मी दादाशी भांडेन परत." ती माझ्यावर चिडली नाही. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का. तुमना देवले आमनाकरता टाइम नही शे."

  तशीच घरी आले आणि दादाला जाऊन सांगितलं, तिच्याच शब्दांत. दादाने ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, लागलं बाई एकदाचं काळजाला.

"वाक्य चांगलं आहे," दादा म्हणाला. "रविवारच्या संदेशात घेतो."

आणि घेतलंही त्याने. वेळेत संपवलं.