तारांवर पालथा हात

कोपरी गावात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे आधी पिठाची गिरणी होती, त्या खोलीत नयन भोईरने मुलांसाठी इलेक्ट्रिक गिटारचा क्लास काढला. भिंतींना नवा रंग लागला, पण कोपऱ्यांतला पिठाचा वास काही गेला नाही. खोलीत तीन गिटारी. एक त्याची स्वतःची, लाल. दोन लहान मापाच्या, पोरांच्या हाताला पुरतील अशा. मधोमध आवाज मोठा करणारा काळा अँप. सगळं जागच्या जागी होतं. फक्त अँपची पिन अजून एकदाही भिंतीत गेली नव्हती.

विजेशिवाय त्या गिटारीचा आवाज म्हणजे डब्यावर ताणलेलं रबर. पोरं कित्येक आठवडे तेच छेडत बसली होती.

“सर, हिचा खरा आवाज कधी येणार?” उर्वी विचारायची. समोरचे दोन दात पडलेली, क्लासात सगळ्यांत आधी येणारी पोर.

“आधी बोटं तयार होऊ देत.”

“झाली की. हे बघा घट्टे.”

“सर लाइट बिल वाचवतात गं,” अद्वय मागून म्हणाला आणि सगळी खिदळली.

नयनही हसला. पण त्याचे तळहात ओले झाले होते. ते त्याने पँटीला पुसले.

नयन भ्यायलेला होता. त्याचं भय हवेतलं नव्हतं, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आधी तो बेंजो पार्टीत, म्हणजे लग्नाकार्यात वाजवणाऱ्या ताफ्यात होता. खाडीकाठच्या गावांत हळद असली की यांची गाडी जायची. नयन आणि त्याचा जोडीदार सुदेश, दोघे गिटारवर. सुदेश गायचाही. एका हळदीत स्पीकरमधून सारखी घरघर येत होती. घरघर आली की जास्तीचा करंट जमिनीत सोडणारी अर्थिंगची पिन काढून टाकायची, हे सगळ्याच पार्ट्यांत चालतं. तशी ती कोणीतरी काढली. मांडवात हळदीचं पाणी सांडलेलं, सुदेश अनवाणी. डाव्या मुठीत गिटार धरून त्याने माइकला ओठ लावले आणि गाणं तिथेच थांबलं. लोकांना वाटलं, नाचतोय. टाळ्या पडल्या. नयनने लाथ मारून विजेचा बोर्ड उडवला, तेव्हा कुठे ती मूठ सुटली. सुदेश जगला. पण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. नयनने त्या दिवशी पार्टी सोडली. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून क्लास काढला. आणि आता त्याच्या समोर तारांवर तशीच बोटं होती, पण इवलीशी, आठ-नऊ वर्षांची.

एके दिवशी उर्वीची आई दारात उभी राहिली. “सर, राग मानू नका. बोर्डावर इलेक्ट्रिक लिहिलंय ना? पोरगी घरी येऊन रडते. शनिवारी वाजलं नाही तर काढते तिला. बाकीच्या आयापण काढणारेत.”

घरी नयन जेवला नाही. त्याची बायको निशिगंधा म्हणाली, “अरे, लाव ना एकदा ती पिन. एवढी वर्षं वाजवलंस, तुला कधी काय झालं?”

“सुदेशपण हेच म्हणायचा.”

ती ताट झाकत म्हणाली, “मग नुसता भिऊन काय बसतोस? बाळ वायरमनला बोलव.”

बाळने येऊन भिंतीवरचं सॉकेट उघडलं, बॅटरी मारली आणि मान हलवली. “नयनदादा, अर्थिंगचं हे भोक नुसतं दिसायला आहे. मागे वायरच नाही.”

नयन स्टुलावर बसला. परवा उर्वीने स्वतःच पिन उचलली होती, तिच्या हातातून त्याने ती हिसकावून घेतली होती, ते त्याला आठवलं.

“मागे माती आहे,” बाळ म्हणाला. “खड्डा मारू, पाइप घालू. कोळसा आणि जाडं मीठ लागेल. मीठ ओल धरतं, ओलीतून करंट जमिनीत जातो.”

मिठाचं नाव निघालं आणि नयनचे वडील भिवा स्वतः गोणी घेऊन आले. उमेदीची सगळी वर्षं त्यांची मिठागरात गेलेली. पोटऱ्या अजून खारवल्यासारख्या पांढुरक्या.

“कवरा भ्येतंस रं पोरा,” खड्ड्यात मीठ ओतताना ते म्हणाले. “या मिठानंच तुला वारवला, मोठा केला. पोरांना काय व्हवाचा नाय.”

“बाबा, तुम्ही सुदेशला पाहिलं नव्हतं.”

म्हातारा मिठावर बादलीभर पाणी ओतून ते जिरेपर्यंत बघत राहिला.

शनिवारी पोरं आली, दारात आयाही उभ्या राहिल्या. बाळने टेस्टर लावून मान डोलावली. पिन भिंतीत गेली. अँपचा लाल दिवा लागला आणि खोलीभर बारीक गुणगुण पसरली. त्याने एकेका गिटारीच्या तारांना हाताची पालथी बाजू लावली. करंट लागला तर मूठ आवळते, पालथा हात मात्र फेकला जातो. सुदेशची मूठ आवळली होती. पहिली गिटार थंड, झटका नाही. दुसरी थंड. तिसरीही थंड.

लहान गिटार उर्वीच्या गळ्यात घालून तो भिंतीवरच्या बटणापाशी उभा राहिला. “वाजव.”

तिने सगळ्या तारांवरून हात ओढला. आवाज भिंतींना धडकला, आणि त्याच क्षणी उर्वी किंचाळली.

नयनने बटण बंद केलं. सगळं थिजलं. दोन ढांगांत तो तिच्यापाशी पोचला, तिचा हात उलटासुलटा करून बघू लागला.

“सर!” उर्वी रडकुंडीला आली. “बंद का केलंत? किती भारी आला होता!”

“तू ओरडलीस ना?”

“मग? एवढा मोठा आवाज मी काढला!”

दारातून हसू फुटलं. नयनला हसता आलं नाही. तो खाली बसला. मग उठून त्याने बटण पुन्हा लावलं.

क्लास चालू राहिला. नयन अजूनही बटणापासून हातभर अंतरावरच उभा राहून शिकवतो. क्लास सुरू व्हायच्या आधी भिवा मागे जाऊन खड्ड्यात पाणी ओततात. आणि गिटार गळ्यात घालण्याआधी प्रत्येक पोर तारांना पालथा हात लावते. आयांना वाटतं, हा वाद्याला नमस्कार आहे. परवा एक नवा मुलगा सरळ मुठीने गिटार उचलायला गेला, तर उर्वीने त्याच्या मनगटावर चापट मारली. “ए, आधी पालथा!”

तेव्हाही नयनने बटणावरचा हात काढला नव्हता.