तुडीलला न्यायची गाडी

मामाकडे गाडी नव्हती, पण गाडी बाळगणं किती महाग पडतं यावर पोलादपुरात त्याच्याइतकं तळमळीने कुणी बोलत नसे. कचेरीतून निवृत्त झाल्यावर तो रोज सकाळी हायवेवरच्या हॉटेलात जाऊन बसे. घाट चढण्याआधी गाड्या तिथे चहाला थांबत. कुणी उतरला की मामाची चौकशी सुरू, "जुनी झाल्यावर कशी वागते? दुखणी काढते का?" लोकांना वाटे, म्हातारा स्थळ बघायला आलाय.

"गाडी घेणं सोपं रे," तो मला बजावी, "पुढं दहा वर्षं ती पोसायची असते." पेट्रोलची घ्यायला स्वस्त, पण रोज खाणार. डिझेलची कमी खाणार, पण एकदा इंजिनाचं काम निघालं की घर धुऊन नेणार. दोन्ही बाजू तो अशा मांडी की शेवटी कोणती घ्यावी हे त्यालाच कळेनासं होई. गाडी चालवायला मात्र तो कधीच शिकून बसला होता.

मामीचं मागणं साधं होतं. तुडीलला तिचं माहेर, तिथे तिची म्हातारी आई. गुडघे गेल्यापासून मामीला एसटीची पायरी चढवत नव्हती, त्यात महाडला गाडी बदलायची. भाड्याची जीप करू म्हटलं तर ती मान हलवी. "आयेच्या दारात मला आपल्या गाडीतनं उतरायचं हाय. मग ती पेट्रोलवर चालू दे, नायतर पाण्यावर." आईला तिने तसा निरोपही धाडला होता.

अशात मामाच्या कानावर आलं की बंगलोरकडे विजेवरची गाडी निघाली आहे. त्याला हुरूप आला. तेल नाही, इंजिन नाही, दहा वर्षांचा विचार केला तर पेट्रोलवाल्याने तोंडात बोट घालावं. "आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर?" मी विचारलं. तो बोटांवर हिशोब मांडू लागला. मामी कंदिलाच्या उजेडात भाकऱ्या थापत होती, वीज नेहमीसारखी गेलेली. ती म्हणाली, "घरात दिव्याला वीज नाय, आन् गाडीला कुठली पाजणार?" मामा खूप हसला. पण म्हणाला, अजून थोडं थांबू, ती गाडी इकडे येऊ दे. त्या थांबण्याचा मला आजही राग येतो.

पावसाळा संपता संपता मामी गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुडीलच्या आजीला, मामीच्या आईला, कुणी कळवलं नाही. तिचे डोळे गेलेले, हृदय अधू. मामीच्या भावाने आईला सांगितलं, आपली शांती गुडघ्याच्या ऑपरेशनला मुंबईला गेलीय. आम्हीही तेच म्हणायचं ठरलं.

कार्य उरकल्यावर मामाने महाडहून एक जुनी पेट्रोलची गाडी आणली. ती कशी निघेल हे त्याने कुणालाच विचारलं नाही. रविवारी मला म्हणाला, "चल तुडीलला." मी पुढचं दार उघडायला गेलो, तर म्हणाला, "तू मागं बस."

गाडीचा आवाज ऐकून आजी भिंतीला खांदा लावत बाहेर आली. लेक आपल्या गाडीतून येणार, हा निरोप तिने जपून ठेवला होता. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा, माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकायला. चाचपडत ती पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"शांते, उतरू नको गो एवढ्यात. आधी ओवाळते."

तिचा मुलगा ओट्यावरच थिजला होता. मामा खाली उतरला, वळसा घालून आला आणि त्याने ते दार उघडलं. आजीने रिकाम्या सीटवरून भाकरतुकडा ओवाळला, लांब टाकला, पाणी ओतलं. मग लेकीला उतरवायला तिने हात आत घातला आणि तो सीटवर फिरवत राहिली. मामाने तो हात धरला. तो काही बोलणार होता, पण त्याला मोठ्याने रडूच फुटलं. मग आजीला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.